बोबचोची लस आणि मालकाचा रकाना

आठ आठवड्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाला लस टोचायला चार सेकंद लागतात. त्यातले तीन पिल्लाची मान धरण्यात जातात. नेदेल्याबाई काराजोवा यांनी सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत तिसरीच्या मुलांना हे शिकवलं होतं, आणि ते अर्धवट होतं हे त्यांना वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं. चार सेकंद फक्त सुईला लागतात. नोंदीचा वेळ वेगळा.

पिल्लू त्यांना फेब्रुवारीच्या शेवटी अंगणातल्या सरपणाच्या ढिगामागे सापडलं. रंग घेवड्याच्या दाण्यासारखा तपकिरी, अंगावर ठिपके. म्हणून त्याचं नाव पडलं बोबचो, म्हणजे घेवडू. एक मार्चला बाईंनी रिवाजाप्रमाणे त्याच्या गळ्यात मार्तेनित्सा बांधली. लाल-पांढऱ्या लोकरीचा हा दोरा त्या दिवशी गावातल्या प्रत्येक मनगटावर, बकरीच्या शिंगावर, नळाच्या तोटीवरसुद्धा चढतो, आणि वर्षाचा पहिला करकोचा किंवा पहिलं फुललेलं झाड दिसेपर्यंत उतरत नाही. त्याआधी काढला तर मार्ताआजी, म्हणजे मार्च महिन्याची लहरी म्हातारी, रागावते आणि वर्ष वाईट जातं. अर्थात हे कुणी खरं मानत नाही. फक्त आधी कुणी काढत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बोबचोला शालीत गुंडाळून पशुवैद्य डॉक्टर क्रुमकडे गेल्या. डॅन्यूबकाठच्या त्या गावात डॉक्टर तो एकच. क्रुम आता सेहेचाळीस वर्षांचा होता, मिशा पिकल्या होत्या, पण बाईंना तो दुसऱ्या बाकावरचाच दिसायचा. समास आखल्याशिवाय वहीत तारीखसुद्धा न लिहिणारा मुलगा.

"बाई, बरं केलंत लगेच आलात," क्रुम म्हणाला. "गावात पार्वो आलाय. खालच्या आळीतली तीन पिल्लं गेली. उलट्या, रक्ताचे जुलाब, दोन दिवसांत खेळ खलास. आज पहिला डोस, एकवीस दिवसांनी दुसरा, मग तिसरा. एकही चुकवायचा नाही."

त्याने पांढऱ्या भुकटीत द्रव मिसळला, बाटली हलवली, सुई भरली. बोबचोला टेबलावर घेतलं, मानेवरची कातडी चिमटीत धरली. तीन सेकंद झाले. मग त्याने दुसऱ्या हाताने संगणकाची कळ दाबली.

"क्रमांक सांगा."

"कसला रे?"

"याच्या कातडीखालच्या चिपचा."

"अजून बसवलेली नाही. बसव तू."

"बसवतो की. याच्या आईचा क्रमांक सांगा. गेल्या महिन्यापासून नवा नियम आहे, पिल्लाची नोंद आईच्या नोंदीखाली."

"सरपणाच्या मागे सापडलाय तो, क्रुम. आई क्रमांक ठेवून गेली नाही."

क्रुमने चिमूट सोडली. बोबचो टेबलावर बसला आणि सुईच्या टोपणाशी खेळू लागला.

"आधी टोच, नंतर लिही," बाई म्हणाल्या. "जागा कोरी सोड."

क्रुम दुखावल्यासारखा झाला. "बाई, तुम्ही म्हणताय हे? आधी शीर्षक, मग समास, मग उत्तर. उत्तर बरोबर असूनही तुम्ही माझा एक गुण कापला होता. शीर्षक नव्हतं म्हणून. मी ते आयुष्यभर विसरलो नाही."

बाईंनाही आठवलं. त्यांनी तेव्हा तो गुण अगदी प्रेमाने कापला होता.

मिसळलेली लस तासाभरात वापरावी लागते. तो तास दोघांनी लशीकडे पाहत काढला. क्रुमने चहा केला. तास संपल्यावर त्याने सुई पिवळ्या डब्यात टाकली आणि संगणकात 'एक मात्रा नष्ट' असं लिहिलं. संगणकाने ते ताबडतोब स्वीकारलं. नष्ट करण्यासाठी कुणाचाच क्रमांक लागत नाही.

जिल्ह्याच्या गावी जावं तर संगणक तोच, आणि लस नसलेल्या प्राण्याला बसमध्ये मज्जाव. दारापर्यंत सोडायला येताना क्रुम हळूच म्हणाला, "एक सांगू? हा मोकाट असता ना, तर आत्ता टोचून मोकळा झालो असतो. मोकाट कुत्र्यांसाठी नगरपालिकेचा एकच सामायिक क्रमांक असतो. ना आई लागत, ना बाप."

"मग समज ना मोकाट."

"समजायचा अधिकार झोर्नित्साला आहे."

झोर्नित्सा नगरपालिकेत 'मोकाट प्राणी, हिरवळ आणि दफनभूमी' या विभागाची प्रमुख होती. विभागात ती एकटीच असल्यामुळे तिच्यात आणि विभागात कधी मतभेद होत नसत. तिसरीत असताना वहीवर शाईचा डाग पडला की ती रडायची. आता तिच्या टेबलावर तीन शिक्के एका रेषेत उभे होते आणि डाग कुठेही नव्हता. बाईंना पाहून ती उठून उभी राहिली, त्यांच्यासाठी खुर्ची पुसली, लिमलेटची गोळी दिली. एक बोबचोलाही देऊ केली, पण त्याने हुंगून सोडून दिली.

"सोपं आहे, बाई," सगळं ऐकून ती म्हणाली. "मालकी सोडल्याचा अर्ज करा."

"दे."

"पण मालकी सोडायला आधी मालकी लागते. तुमच्या नावावर कुत्रा नोंदलेला नाही. म्हणजे तुम्ही मालक नाही."

"म्हणजे तो मोकाटच झाला की, झोरे."

"झाला असता. पण तो तुमच्या मांडीवर आहे."

बाईंनी बोबचोला फरशीवर ठेवलं. तो पुन्हा त्यांच्या पायावर येऊन बसला.

"बघा," झोर्नित्सा हळहळली. "मोकाट प्राणी सार्वजनिक जागी, एकटा, निरुद्देश फिरताना आमच्या पथकाला आढळायला हवा. पथक गुरुवारी दहाला चौकात येतं. तुम्ही त्याला तिथे निरुद्देश सोडा."

"आणि तोवर त्याला पार्वो झाला तर?"

"तुम्ही उगाच घाबरताय. नोंदीप्रमाणे यंदा गावात एकही कुत्रं दगावलेलं नाही."

"तीन पिल्लं गेली खालच्या आळीत!"

"त्यांची नोंद होती?"

"नव्हती."

"मग यादीतून कमी कोण झालं?" झोर्नित्साने इतक्या निरागसपणे विचारलं, की बाईंना क्षणभर वाटलं, वजाबाकी आपणच नीट शिकवली नसावी.

गुरुवारी पावणेदहाला बाईंनी बोबचोला वाचनालयासमोरच्या चौकात निरुद्देश सोडलं आणि वीस पावलांवरच्या बाकावर बसून त्याला ओळखत नसल्यासारखं केलं. आयुष्यात खोटं न बोललेल्या माणसाला हे अवघड गेलं. बोबचो मात्र पूर्ण उद्देशाने पाच वेळा त्यांच्याकडे आला. पाचही वेळा बाई पोस्टाच्या पाटीकडे पाहत बसल्या. पाचव्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी नदीवरच्या वाऱ्यावर ढकललं.

दहाला गाडी आली. जाळं घेऊन पेंचो उतरला. पेंचो म्हणजे शेवटचा बाक. सबंध वर्षात त्याने एक ओळ लिहिली नव्हती, आणि वर्गात सगळ्यात दयाळू तोच होता. जाळ्याची गरजच पडली नाही. खिशातला सॉसेजचा तुकडा दिसताच बोबचो स्वतःच गाडीत चढला. बाईंनी निःश्वास सोडला. तेवढ्यात पेंचो खाली उतरला, टोपी काढून.

"बाई, घोळ झाला. गळ्यात दोरा आहे."

"मार्तेनित्सा आहे ती. तुझ्या मनगटावर तीन आहेत."

"दिसतंय हो. पण कलम चौदा. पट्टा, दोरी, फीत किंवा आपुलकीची अन्य खूण असलेला प्राणी मोकाट समजू नये. मला लिहिता येत नाही, पण हे पाठ आहे."

"मग काढ तो दोरा."

पेंचोने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मी? करकोचा दिसायच्या आधी? बाई, घरी लेकरं आहेत माझी!"

त्याने झोर्नित्साला फोन लावला. तिचा आवाज बाईंना बाकापर्यंत ऐकू आला. "हात लावू नकोस! मार्ताआजीची आणि लेखापरीक्षणाची चेष्टा नको!"

"हे काय मागासलेपण लावलंय?" बाई उठल्या. पर्समध्ये शाळेतली छोटी कात्री असायचीच. त्यांनी बोबचोला उचललं, कात्रीची पाती लाल-पांढऱ्या दोऱ्याला लावली. सदतीस वर्षं दर मार्चला त्यांनी मुलांना ऋतू का बदलतात हे पृथ्वीचा गोल फिरवून समजावलं होतं, आणि त्याच तासाला स्वतःच्या हाताने सगळ्यांना मार्तेनित्सा बांधल्या होत्या. एका वर्षी भांडी घासताना दोरा भिजला म्हणून त्यांनी तो दोन दिवस आधी काढला. त्या वर्षी त्यांचे यजमान गेले. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं काही नव्हतंच, दोन्हींचा संबंध नव्हता.

कात्री पर्समध्ये परत गेली.

"थंडी फार आहे," त्या म्हणाल्या. "बोटं चालत नाहीत."

"तर काय," पेंचो म्हणाला, आणि दोघं दुसरीकडे पाहू लागले.

आता प्रश्न एवढाच उरला, की करकोचा किंवा फुललेलं झाड दिसायला हवं. पण कुणाला? फोनवर क्रुमचं मत पडलं, की ज्याच्या गळ्यात मार्तेनित्सा, त्यानेच पाहायला हवं. दुसऱ्याने पाहून काय उपयोग? हे इतकं तर्कशुद्ध होतं की कुणालाच खोडता आलं नाही. दुपारपर्यंत झोर्नित्साने 'करकोचा अथवा मोहोर दर्शन पडताळणी समिती' नेमली. अध्यक्ष ती स्वतः. प्राण्याचे डोळे शाबूत आहेत हे प्रमाणित करायला क्रुम. प्राणी उंच धरायला पेंचो. आणि 'प्राण्याशी कोणताही संबंध नसलेल्या स्थानिक नागरिक' म्हणून नेदेल्याबाई. निर्णय होईपर्यंत बोबचोचा दर्जा 'संभाव्य मोकाट' राहील आणि तो संबंध नसलेल्या नागरिकाच्या घरी, त्यांच्या पलंगाखालीच झोपेल, असंही कागदावर आलं.

"झोरे, चार माणसं जमवायची, कागद करायचा, आणि एवढ्याशा सुईसाठी..." बाईंनी सुरुवात केली.

"बाई, एकट्याने ठरवलं की चूक एकट्याची होते," झोर्नित्सा म्हणाली. "तुम्ही गटात बसवायचात ना आम्हाला? गट चुकला तर कुणाला ओरडत नव्हतात."

सोमवारी वाचनालयामागच्या आलुबुखाराच्या झाडावर एक फूल दिसलं. एकच. समिती जमली. हिरवळ विभाग म्हणून झोर्नित्साने पाकळ्या मोजल्या. पाच होत्या, पण त्यातली एक अजून वळलेली. चर्चेअंती ती उघडी धरावी असं ठरलं. पेंचोने बोबचोला फुलाजवळ नेलं. बोबचोने फूल पाहिलं, हुंगलं आणि खाल्लं.

"पाहिलं त्याने! आधी पाहिलं, मग खाल्लं!" बाई ओरडल्या.

"पुरावा कुठाय पण?" झोर्नित्साने लेखणी वर धरली. तिने लिहिलं, 'प्राण्याने पुराव्याचे भक्षण केले.'

दुसरं फूल उमलण्याआधी कडाक्याची थंडी परतली. मार्ताआजी त्या आठवड्यात वैतागलेली होती. शेजारचा स्तामेन, निवृत्त ट्रकचालक, कुंपणावरून विचारायचा, "काय शेजारीणबाई, तुमच्या पाटलांची सुई झाली का?" स्तामेनकडेही पिल्लू होतं, बारोन नावाचं, लांब कानांचं. दिवसभर ते स्तामेनच्या बुटाच्या नाड्या सोडायचं आणि स्तामेन दिवसभर बांधायचा.

"तुमच्या बारोनची?"

"आमचं उत्तम चाललंय. त्याच्या आईचा क्रमांक आहे आमच्याकडे. फक्त एक आकडा पुसट आलाय, तीन की आठ. कागद राजधानीत पाठवलाय. सोमवारपर्यंत येईल म्हणाले."

"कुठल्या सोमवारी?"

"ते नाही विचारलं," स्तामेन म्हणाला. "उगाच राग यायचा त्यांना."

पुढच्या मंगळवारी करकोचा आला. जुन्या गिरणीच्या धुराड्यावरच्या घरट्यात तो उतरला आणि त्याने चोच वाजवली. बेकरीतून, सलूनमधून माणसं बाहेर धावली. हात वर झाले, दोरे सुटले, आलुबुखाराच्या फांद्या बघता बघता लाल-पांढऱ्या झाल्या. बाईंनी स्वतःची मार्तेनित्सा सोडली. पेंचो एका हातात बोबचो आणि दुसऱ्या हातात बेकरीतून घेतलेली गरम बनीत्सा, चीज भरलेली पोळी, घेऊन धावत आला. समितीचं कोरम पूर्ण झालं. पेंचोने बोबचोला डोक्यावर धरलं.

"बघ रे घेवड्या, तो बघ! तो पांढरा! अरे वर बघ!"

करकोच्याने पंख पसरले. सगळं गाव वर पाहत होतं. बोबचो बनीत्साकडे पाहत होता. करकोचा उडून कुरणाकडे गेला.

क्रुमने बोबचोच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि अतिशय प्रामाणिकपणे सांगितलं, "डोळे उघडे. दृष्टी उत्तम. लक्ष चीजकडे."

"दर्शन अपूर्ण," झोर्नित्साने लिहिलं. "पुढील करकोच्याची वाट पाहावी. बाई, नाराज होऊ नका. अजून येतील. मादी तर यायचीच आहे."

 बाई बोबचोला शालीत घेऊन घरी निघाल्या. स्तामेनच्या फाटकाशी येऊन थबकल्या. स्तामेन फाटकावर कागद चिकटवत होता. कोपरे नीट बसावेत म्हणून तळहाताने पुन्हा पुन्हा दाबत होता. काळ्या चौकटीचा कागद. माणूस गेलं की गावात दारावर, झाडावर, विजेच्या खांबावर लावतात तसाच. वर फोटो, लांब कानांचा. खाली लिहिलं होतं, 'बारोन. वय दहा आठवडे.'

"काल दुपारपर्यंत नाडी ओढत होता," स्तामेन म्हणाला. त्याच्या एका बुटाची नाडी अजून सुटलेलीच होती. "आठ होता, शेजारीणबाई. तो आकडा. आज सकाळी फोन आला. आठच होता."

शालीतून बोबचोने नाक बाहेर काढलं आणि स्तामेनची बोटं चाटायला मान पुढे केली. बाईंनी त्याला झटकन मागे ओढलं, मागे वळल्या आणि उतारावरून खाली चालू लागल्या. इतक्या वेगात त्या निवृत्तीनंतर चालल्या नव्हत्या.

दवाखान्याचं दार त्यांनी ढकललं तेव्हा क्रुम समितीचा अहवाल टंकत होता.

"क्रुम! उभा राहा."

खुर्ची मागे पडली. सेहेचाळीस वर्षांचा पशुवैद्य हात बाजूला सरळ ठेवून उभा राहिला.

"हात धुतलेस?"

"धु... धुतो, बाई."

"धू. पूस. आता लस काढ. मिसळ. हलव नीट, फेस नको. मान धर."

"पण बाई, तो दोरा, ती नोंद..."

"मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. टोच."

चार सेकंद. बोबचोने एकदा 'कँऽ' केलं आणि लगेच टोपणाकडे वळला.

बाई खुर्चीवर बसल्या.  त्यांना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याखाली काहीतरी टोचत राहिलं. सदतीस वर्षं त्या समजत होत्या, की आपण मुलांना विचार करायला शिकवलं. विचार करून क्रुमने तीन आठवडे लस टोचली नव्हती. 'उभा राहा' म्हटल्यावर एका मिनिटात टोचली.

क्रुम आता शुद्धीवर आला होता आणि पांढराफटक पडला होता. "एक मात्रा कमी झाली, बाई. कुठे दाखवू?"

"नष्ट झाली म्हणून लिही."

"खोटं?" त्याचा आवाज चिरकला. "बाई, तुम्ही मला खोटं लिहायला सांगताय?"

 हेही बाईंनीच शिकवलं होतं, आणि हे तरी चांगलं शिकवलं होतं.

"एक क्रमांक हवा," क्रुम संगणकाकडे पाहत पुटपुटला. "खरा. नोंदलेला. या जागेत हजर असलेल्या जिवाचा." मग त्याने हळूच विचारलं, "तुमचं ओळखपत्र आहे का जवळ?"

त्याने बाईंचा दहा आकडी नागरिक क्रमांक टाकला. संगणकाने तो बिनतक्रार घेतला. पुढे 'जात' असा रकाना होता आणि त्यात दोनच पर्याय होते. क्रुमने बराच वेळ विचार केला, एकदा बाईंकडे आदराने पाहिलं आणि 'कुत्रा' निवडलं. मांजर म्हणणं त्याला उद्धटपणाचं वाटलं.

दोन आठवड्यांनी टपाल आलं. 'श्वान नेदेल्या काराजोवा यांस. आपणांस पार्वो, डिस्टेंपर व अन्य रोगांवरील पहिली मात्रा देण्यात आली असून दुसऱ्या मात्रेसाठी ठरल्या दिवशी उपस्थित राहावे. येताना तोंडाला जाळी बांधावी. कानास लावावयाचा पिवळा बिल्ला सोबत जोडला आहे.' बाई हसल्या. एकट्याच खूप वेळ हसल्या, कारण सांगायला शेजारी फक्त स्तामेन होता आणि त्याला सांगवेना. मग त्यांनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला, आणि फेकून न देता फडताळात ठेवला. कधी कुणी विचारलं तर?

एकविसाव्या दिवशी नगरपालिकेच्या दालनात लशीची रांग लागली होती. टेबलाशी झोर्नित्सा, तिच्यामागे पडद्याआड क्रुम, दाराशी पेंचो. बाईंचा नंबर चौदावा. बोबचो पिशवीतून डोकं काढून सगळ्यांना पाहत होता. आता तो कागदोपत्री बाईंच्या सोबत आलेला होता.

"बाई, चूक झालीय हे मला कळतंय," झोर्नित्सा दबक्या आवाजात म्हणाली. "पण दुरुस्तीचा अर्ज केला तर पहिला डोस रद्द होईल. मग पुन्हा आईचा क्रमांक, नाहीतर करकोचा."

"नको, नको," बाई घाईने म्हणाल्या. "आहे ते चालू दे."

"मग एवढा एक रकाना भरा. हा कोरा चालत नाही."

रकान्यावर छापलं होतं, 'मालकाचे नाव'.

"मला मालक नाही, झोरे."

झोर्नित्साने दाराकडे पाहिलं. पेंचो मान खाली घालून जाळ्याची गाठ सोडवत होता. "नाही तर तुम्ही मोकाट ठरता, बाई. मग गुरुवार येतो. मी काय करू? मला वाईट वाटतं."

"आवरा बाई!" मागून आवाज आला. "आमचीही कुत्री आहेत!"

बाईंनी लेखणी उचलली. एकाहत्तर वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तराला वेळ लागेल असं त्यांना वाटलं होतं. लागला नाही. नाव लगेच सुचलं, हाताने ते सवयीने लिहिलं, सुवाच्य अक्षरात, रेषेच्या आत. झोर्नित्साने वाचलं आणि शिक्का मारला. पडद्याआड चार सेकंद लागले. बोबचो शेपूट हलवत बाहेर आला.

कागद टेबलावर शाई वाळायला उघडाच पडला होता. रांगेतल्या लोकांनी एकेक करून माना लांब केल्या. हसायला नव्हे. क्रुमची युक्ती गावभर झाली होती; प्रत्येकाच्या हातातल्या कागदावर कुत्रा म्हणून त्याचाच नागरिक क्रमांक होता आणि तोच रकाना कोरा होता, आणि बाईंनी काय लिहिलंय ते उतरवून घ्यायचं होतं.

तुम्हीही आत्ता मान जराशी पुढे केलीत. राहू द्या. दुसऱ्याच्या वहीत बघायचं नसतं. आपला रकाना आपणच भरायचा.